शिकस्त

गालिबच्या उर्दू दिवानाशी माझी खरी ओळख झाली ती पोळ्या लाटताना. २००७ च्या पावसाळ्यात सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, जीभ जड झाली, आणि माझे सलग वाचन संपले. कादंबरी हाती घ्यावी तर तिसऱ्या पानाशी कुकरची शिट्टी, मुलाचा डबा, बाबांच्या औषधाची वेळ. शेराचे तसे नाही. तो दोन ओळींत स्वतःपुरता पुरा होतो. गझलेतला पुढचा शेर राहून गेला तरी आधीच्याचे काही अडत नाही. नागरी लिपीतली, तळाशी शब्दार्थ दिलेली एक प्रत मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवू लागले. सकाळी एक शेर वाचायचा आणि दिवसभर मनात घोळवायचा. तोवर गझल म्हणजे मला मैफल, शमा आणि उसासे एवढेच ठाऊक होते. असो.

मराठी माणसाला अर्धी उर्दू येतेच, असा माझा गोड समज होता. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तो काही उगाच नव्हे. पण परके शब्द निदान अर्थ पाहायला लावतात. ओळखीचे शब्दच चकवतात. 'खुलासा' आपल्याकडे उलगडून सांगणे, तिकडे सारांश.

बाबा परभणीकडचे. निजामी राजवटीत शिकलेले, म्हणजे शाळेत उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. रझाकारांच्या दिवसांत घरच्यांना गाव सोडावे लागले होते, एवढेच आम्हांला ठाऊक. त्यानंतर ती भाषा त्यांनी घरात उच्चारल्याचे सासूबाईंनाही आठवत नव्हते. कारण विचारण्याची सोय नव्हती.

त्यांना भरवायला तासभर लागे. एक घास गिळून होईपर्यंत दुसरा देता येत नसे. त्या मधल्या वेळात, काहीशा भीतभीतच, मी मोठ्याने वाचू लागले. त्यांनी कधी नको म्हटले नाही. एका दुपारी गालिबच्या एका प्रसिद्ध गझलेच्या आरंभीच 'शिकस्त' आला. 'प्रयत्नांची शिकस्त' आपण रोजच करतो. त्याच अर्थाने मी शेर समजावून सांगू लागले. बाबांनी डावा हात हलवला. पेन्सिल मागितली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उजवीकडून डावीकडे, थरथरत, त्यांनी काही लिहिले आणि अडखळत एकेक अक्षर उच्चारले: शीन, काफ, सीन, ते. मग पेन्सिलीचे टोक कागदावर दाबून मोडले आणि त्या तुकड्यावर बोट ठेवले.

शिकस्त म्हणजे मोडणे. पराभव. आपल्या बखरींतही लढाईत शिकस्त होते ती याच अर्थाने. हारेचा शब्द आपण पराकाष्ठेला कसा दिला, कोण जाणे.

पुढे आम्ही दोघांनी बरेच वाचले. पण बाबांना गझलांपेक्षा गालिबची पत्रे आवडली. गालिबची सातही मुले तान्हेपणीच गेली. बायकोच्या भाच्याला, आरिफला, त्याने मुलासारखे मानले; तोही १८५२ साली ऐन तारुण्यात गेला, आणि त्याचे दोन मुलगे गालिबच्या घरी वाढले. एका पत्रात तो लिहितो, की ही मुले मला जेवू देत नाहीत, दुपारी झोपू देत नाहीत, उघडे पाय पलंगावर ठेवतात, पाणी सांडतात. पण मी काही कंटाळत नाही. हे वाचत होते तेव्हा माझा मुलगा बाबांच्याच पायथ्याशी उड्या मारत होता. मी रागावणार, तोच बाबा अर्ध्या ओठांनी हसले.

२००९ च्या जानेवारीत त्यांना दुसरा झटका आला. तिसऱ्या रात्री डॉक्टर अतिदक्षता विभागाबाहेर आले आणि म्हणाले, "आम्ही प्रयत्नांची शिकस्त केली."

मला तो शब्द बाबांच्या अर्थाने ऐकू आला.

कॅलेंडरचे ते पान दिवानाच्या प्रतीत आहे. पिठाचे डाग पडलेल्या पानांत ते वेगळे उठून दिसत नाही. ती लिपी शिकायची म्हणून मी दोनदा पुस्तक आणले, दोन्ही वेळा घरकामात ते मागे पडले. ती चार अक्षरे मात्र वाचता येतात.