पूर्ण पडदा की खिडकी?

संगणकावरचा खेळ सबंध पडदाभर पसरून खेळावा, की पडद्याच्या एका कोपऱ्यात, खिडकीएवढ्या चौकोनात खेळावा? प्रश्न ऐकून आमच्या वयाच्या वाचकांस हसू येईल. देवळाच्या सभामंडपात बसून चर्चा करावी असा हा विषय नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात संगणक आणि शाळकरी मुलगा अशी दोन्ही दैवते आहेत, त्या घरात हा प्रश्न आज ना उद्या उपस्थित होतोच. आणि थोडे खोल जाऊन पाहिले, तर तो केवळ खेळाचा राहत नाही, असे आम्हांस वाटते.

आरंभीच्या काळी ही निवडच नव्हती. 'डॉस' या प्रणालीवर चालणारे यंत्र एका वेळी एकच काम करी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारखा खेळ सुरू केला की सगळा पडदा त्या राजवाड्याचा होई. पत्र लिहावयाचे तर आधी राजवाड्यातून बाहेर पडावे लागे. पुढे 'विंडोज' आली. तिच्या नावातच खिडक्या होत्या. १९९० साली तिच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर 'सॉलिटेअर' हा एकट्याने मांडावयाचा पत्त्यांचा डाव आला, आणि कचेरीतल्या हिशेबाच्या शेजारी पत्ते पिसले जाऊ लागले. हा डाव लिहिणारा वेस चेरी तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करीत होता. साहेब जवळ आले की एक कळ दाबताच डाव लपावा आणि हिशेबाचा खोटा तक्ता दिसावा, अशीही सोय त्याने केली होती. कंपनीने ती काढून टाकावयास लावली. कळ गेली, पण खेळ आणि काम शेजारीशेजारी ठेवून दोहोंकडे अर्धे अर्धे पाहण्याची सवय मात्र जगभर राहिली.

दोन्ही पद्धतींत यंत्राच्या दृष्टीनेही फरक आहे. पूर्ण पडद्यावर खेळ पडद्याचा ताबा घेतो. चित्राची बारकाई आणि पडदा ताजा होण्याचा वेग तो स्वतः ठरवू शकतो. खिडकीत मात्र त्याचे चित्र आधी प्रणालीच्या हाती जाते, ती ते इतर खिडक्यांबरोबर जुळवते आणि मग आपल्याला दाखवते. सेकंदास ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर एका चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात. या जुळवाजुळवीत तेवढा एखादा विलंब वाढू शकतो. बुद्धिबळ खेळणाऱ्यास तो कळणारही नाही. धावत्या खेळात मुरलेल्या मुलास कळतो. अलीकडे हा फरक पुष्कळ कमी झाला आहे. शिवाय किनार नसलेली खिडकी हा तिसरा प्रकारही रूढ झाला आहे. ती दिसते पूर्ण पडद्यासारखी, पण असते खिडकीच. क्षणात दुसऱ्या कामाकडे वळता येते.

हे सारे आम्हांस एका नवव्या इयत्तेतल्या मुलाने समजावून दिले. चांदोदला नर्मदास्नानासाठी गेलो असता डभोईस आमच्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, आठ दिवस मुक्काम झाला. डभोई म्हटले की मराठी वाचकास १ एप्रिल १७३१ ची लढाई आठवते. थोरल्या बाजीरावांशी झुंजताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे त्या दिवशी पडले. गाव त्याहून कितीतरी जुने. वाघेल्यांच्या काळचा कोट आणि चार दिशांस चार दरवाजे. पूर्वेची हिरा भागोळ आणि तिला लागून असलेले कालिकामातेचे मंदिर यांवरील कोरीवकाम पाहावयास दुरून माणसे येतात. अक्काचे घर या कोटाच्या आत आहे.

घरात वाद पेटला होता. अक्काचा नातू संध्याकाळी कानांवर श्रवणयंत्र चढवून पूर्ण पडद्यावर खेळे, आणि स्वयंपाकघरातून "जेवूंक यो रे!" अशी हाक तीनदा आली तरी त्यास ऐकू येत नसे. आईचा हुकूम सुटला : यापुढे खेळ खिडकीतच, घड्याळ दिसले पाहिजे, हाक ऐकू आली पाहिजे. मुलगा आमच्याकडे दाद मागावयास आला. "आजोबा, खिडकीत बाण काठाबाहेर निसटतो आणि भलतीकडेच दाबला जातो. खाली निरोप उड्या मारीत असतात. मग धड खेळणंही होत नाही आणि धड निरोपही वाचून होत नाहीत."

त्याचे वडील, आमचा भाचा, घरीच बसून एका कंपनीचे काम करतात. त्यांच्याविरुद्ध घरात कोणाचीच तक्रार नव्हती. त्यांचा खेळ म्हणजे बुद्धिबळ, तेही पडद्याच्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढे. कामाचा तक्ता उघडा, टपाल उघडे, आणि त्यांच्या आड एक डाव सकाळपासून चालूच. आवाज नाही, आरडाओरडा नाही. मुलगा नादी लागला आहे आणि बाप फक्त विरंगुळा करतो आहे, असा घराचा निवाडा होता.

अक्काची दृष्टी मंदावली आहे. मासिकाचा अंक आला की कोणीतरी वाचून दाखवावा, देवस्थानाच्या उत्सवाची पत्रिका आली की तिथी सांगावी, एवढीच तिची अपेक्षा. ती मुलाच्या खुर्चीशेजारी येऊन बसे आणि विचारी. "हं," असे उत्तर येई. थोड्या वेळाने ती तेच पुन्हा विचारी. अक्का प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते, तिची आठवण जाऊ लागली आहे, असे सून काळजीने आम्हांस म्हणाली. आम्ही चार दिवस शेजारी बसून पाहिले. आठवणीचा काही दोष नव्हता. पहिल्या प्रश्नास उत्तर मिळत नसे, म्हणून ती दुसऱ्यांदा विचारीत असे.

तेव्हापासून आमचे मत नातवाच्या बाजूस झुकले. त्याचा खेळ सुरू होतो आणि संपतो. तो तासभर घरातून नाहीसा होतो हे खरे. पण परत येतो तेव्हा सगळा येतो. जेवताना आजीच्या पानावर लिंबाची फोड आहे की नाही हे त्याच्याच लक्षात येई. उलट, जो डाव आपल्यासाठी खुशाल थांबून राहतो, तो कधी पुरता मिटत नाही. आणि थांबून राहावे लागते ते शेजारच्या माणसास.

याचा अर्थ पूर्ण पडदा निर्दोष आहे असा नव्हे. त्यावर घड्याळ दिसत नाही, आणि पुष्कळ खेळ असे रचलेले असतात की एक फेरी संपताच दुसरी आपोआप पुढे यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या आहारी जाण्यास विकार म्हणून स्थान दिले आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. तेव्हा आईची भीती निराधार नव्हती. तिने इलाज मात्र चौकटीच्या आकारात शोधला; तो वेळेच्या मर्यादेत शोधावयास हवा होता.

ही मर्यादा आपल्या परंपरेस अपरिचित नाही. कवी दयाराम १७७७ साली चांदोदला जन्मले आणि १८५३ साली डभोईस निवर्तले. ते ज्या पुष्टिमार्गाचे, त्या संप्रदायाच्या हवेलीत दर्शन दिवसभर उघडे नसते. मंगलापासून शयनापर्यंत आठ समय ठरलेले असतात. पडदा दूर होतो, तेवढा वेळ भक्तांची दृष्टी दुसरीकडे जात नाही. पडदा पडतो आणि माणसे आपापल्या कामास लागतात. दर्शन पूर्ण, पण वेळ मोजकी.

आणि खिडकीचीही निंदा नको. आपल्यापैकी अनेकांनी उडुपीस श्रीकृष्णाचे दर्शन नऊ छिद्रांच्या रुपेरी गवाक्षातूनच घेतले आहे. तेवढ्या लहान जागेतून पाहताना मन इकडेतिकडे फिरत नाही. उलट, डोळा छिद्रास लावावा लागतो म्हणून ते अधिक गोळा होते. आमच्या भाच्याच्या पडद्यावर तशा खिडक्या दहा होत्या, आणि मन एकीतही ठरत नव्हते.

मुक्काम हलविण्यापूर्वी घरात एक व्यवस्था ठरली. अभ्यास आटोपल्यावर नातवाने एक तास पूर्ण पडद्यावर खेळावे. त्या तासात त्यास कोणी हाक मारू नये. भिंतीवरच्या घड्याळाचा गजर झाला की चालू फेरी पुरी करावी, नवी सुरू करू नये. आणि दिवेलागणीस भाच्याने संगणकाचे झाकण मिटून अक्काजवळ पाव तास बसावे. सुनेने ही अट हसत मान्य केली. भाच्यास मात्र ती जड गेली. साहेबांचा निरोप त्या वेळात आला तर काय, ही त्याची अडचण खोटी नव्हती. त्याच्या पोटाची कामेही त्याच खिडक्यांतून येतात. पहिल्या दिवशी त्याचा हात दोनदा झाकणाकडे गेला.

नातवाने आपली बाजू चोख सांभाळली. गजरानंतर फेरी संपवून, "आयलों!" असे ओरडत तो पानावर येऊन बसला.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी भाचा मासिकाचा अंक वाचून दाखवीत होता. अक्काने रथोत्सवाची तिथी विचारली. त्याने ती सांगितली, आणि तिने ती पुन्हा विचारली नाही.