तळपायाचा मेलॅनोमा : पार्ल्यातील एक नोंद

त्वचेच्या कर्करोगाचा विचार करताना प्रखर ऊन आणि गोरी कातडी यांची जी सांगड सर्रास घातली जाते ती ऑस्ट्रेलियासारख्या देशांच्या अनुभवातून आलेली असून, भारतीय लोकसंख्येला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग, ऑस्ट्रेलियात दरवर्षी लाखामागे 30 हून अधिक जणांना होतो, तर भारतात हे प्रमाण लाखामागे एकापेक्षाही कमी आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन उन्हातील अतिनील किरणांना अडवते, हे या तफावतीचे मोठे कारण होय. मात्र तळपाय, तळहात आणि नखांखाली उद्भवणाऱ्या, ‘अक्रल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंधच नसल्याने तेथे हे कवच कामी येत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडील मोजक्या मेलॅनोमांत या प्रकाराचा वाटा मोठा असतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली 1981 साली वयाच्या 36 व्या वर्षी ज्या आजाराने गेला, त्याची सुरुवातही पायाच्या बोटाच्या नखाखालीच झाली होती.

प्रस्तुत लेखकाच्या आत्या, विलेपार्ले पूर्वेला राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका, यांच्या उजव्या टाचेच्या कडेला आलेला डाग घरात बराच काळ ‘कुरूप’ म्हणूनच ओळखला जात होता, त्यावर औषधाच्या दुकानातून आणलेल्या कॉर्न कॅप लावल्या जात होत्या, आणि तो दुखत नसल्यामुळे त्याची कोणाला भीती वाटत नव्हती. जवळून पाहता त्याची एक बाजू काळीभोर, दुसरी तपकिरी, कडा वेड्यावाकड्या आणि मधला भाग ओलसर होता. चप्पल काढल्यावर तिच्या आतल्या बाजूला कधीकधी रक्ताचा फिकट ठिपका दिसे. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी त्यावर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचेतील रंगाची रचना मोठी करून दाखवणारे भिंग, टेकवले. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांप्रमाणे उंचवटे आणि खाचा असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग बहुधा खाचांतून पसरतो, तर मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवरून धावतो, आणि येथे तो उंचवट्यांवर होता. “मावशी, हे कुरूप नाही, तुकडा काढून तपासायला लागेल,” एवढेच त्या म्हणाल्या.

तपासणीच्या अहवालात सर्वांत महत्त्वाचा आकडा होता तो ब्रेस्लो जाडीचा. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतितज्ज्ञाने 1970 मध्ये सुचवलेले हे माप त्वचेच्या वरच्या थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्कपेशीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये सांगते. एक मिलिमीटरच्या आत बरे होण्याची शक्यता उत्तम असते आणि चारच्या पुढे ती झपाट्याने खालावते. आत्यांच्या बाबतीत ते दोनच्या किंचित वर असल्याने डागाभोवतीची दोन सेंटिमीटर निरोगी कातडीही काढावी लागली, टाचेवर मांडीच्या कातडीचे रोपण झाले, आणि जांघेतील पहारेकरी ग्रंथी, म्हणजे आजार पसरल्यास तो प्रथम जेथे पोहोचतो ती लसिकाग्रंथी, काढून तपासण्यात आली; तिच्यात काही सापडले नाही.

उपचारांसाठी पार्ल्याहून धीमी लोकल पकडून प्रभादेवीला उतरायचे आणि पूल ओलांडून परळला जायचे, या फेऱ्यांमध्ये एकदा रुग्णालयात विचारला गेलेला प्रश्न घरच्यांना गैरलागू वाटला होता : “या पत्त्यावर किती वर्षं राहता?” वस्तुतः देशाचे चित्र ज्यातून तयार होते तो हाच प्रश्न आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत सुरू केलेली कर्करोग नोंदणी ही देशातील पहिली लोकसंख्याधारित नोंदणी, म्हणजे ठरावीक भूभागातील रहिवाशांत उद्भवणाऱ्या प्रत्येक कर्करोगाची मोजदाद. तिचे कर्मचारी रुग्णालये आणि प्रयोगशाळांतून फिरून नोंदी गोळा करतात, मृत्यूच्या दाखल्यांशी त्या ताडून पाहतात, आणि किमान वर्षभर येथे राहिलेल्यांनाच रहिवासी मानतात, त्यामुळे केवळ उपचारांसाठी कोकणातून येऊन पार्ल्यात नातेवाइकांकडे उतरलेला रुग्ण मुंबईच्या आकड्यात धरला जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम 1981 चा, आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 ची. इतक्या चिकाटीने गोळा केलेल्या माहितीचा आदर करूनच एक उणीव सांगणे भाग आहे.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मेलॅनोमाला सी 43 हा संकेतांक असून त्यातील सी 43.7 या उपविभागात मांडी, पोटरी आणि तळपाय एकत्रच येतात, म्हणजे उन्हात राहणारी नडगी आणि ऊन न पाहणारी टाच यांच्यात भेद उरत नाही. मर्केल पेशींचा, त्याहूनही विरळ आणि आक्रमक असा कर्करोग तर सी 44 मध्ये इतर सौम्य त्वचाकर्करोगांच्या गर्दीत मिसळतो. पेशीप्रकाराचा स्वतंत्र संकेतांक उपलब्ध आहे, पण विकृतितज्ज्ञाने अहवालात ‘अक्रल’ असे स्पष्ट लिहिले तरच तो देता येतो. आत्यांच्या अहवालात तसे लिहिले होते आणि टाचेची कोणती कड हेही नमूद होते. असे अहवाल नेमाने लिहिले गेले, तर आपल्याकडे हा आजार नेमका कोठे उद्भवतो हे आकड्यांतूनच दिसेल, आणि मधुमेहाच्या दवाखान्यांत जखमा शोधण्यासाठी रुग्णांचे जे तळपाय तपासले जातात, तेथेच काळ्या डागाकडेही पाहण्याची सूचना देता येईल. त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही.