दोन मतांचा उजेड

पालघरहून बोईसरला जाणे याला प्रवास म्हणायचे धाडस कोणी करणार नाही. डहाणू लोकलमध्ये चढावे, उमरोळी मागे पडते न पडते तोच बोईसर येते. खिडकीची जागा मिळाली तरी तिचा उपभोग घ्यायला वेळ मिळत नाही. पण २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मी हा प्रवास रोज केला, आणि त्या तीन आठवड्यांत मला जेवढी अमेरिका दिसली तेवढी तिकडे सहा सहा महिने राहून आलेल्या आमच्या नातेवाइकांनाही दिसली नसेल.

त्याचे असे झाले. ऑक्टोबरात माझ्या बालमित्राची मुंबईला बायपास झाली. तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग-रसायनांच्या एका कारखान्यात आहे. वहिनी बँकेत, मुलगी पुण्याला शिकते, आणि घरात सत्त्याहत्तर वर्षांचे काका, म्हणजे मित्राचे वडील. दिवसा त्याच्यापाशी कोणीतरी हवे होते. कॉलेजला सुटी लागलेला मराठीचा प्राध्यापक हा या कामाला फार सोयीचा प्राणी. तो रिकामा असतो, आणि त्याला वाचून दाखवता येते.

वहिनींनी पहिल्याच दिवशी कलमवार सूचना दिल्या. छातीचे हाड जुळेपर्यंत जड काही उचलू द्यायचे नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन चेंडूंच्या त्या यंत्रातून तासातासाला श्वास ओढायचा. गॅलरीत फेऱ्या मारायच्या. आणि शेवटचे कलम, "भाऊजी, काही झालं तरी बातम्या लावू देऊ नका. ती अमेरिकेची निवडणूक बघून ह्यांची छाती धडधडते."

मला हसू आले. बोईसरच्या माणसाला ट्रम्प काय आणि हॅरिस काय! पण मित्र हसला नाही. त्याच्या कारखान्याचा बराच माल अमेरिकेला जातो. "जकात वाढली की पहिली रात्रपाळी बंद होते," तो म्हणाला, "आणि दोन महिने घरी बसलेला माणूस साहेबाच्या आधीच डोळ्यांवर आलेला असतो." धडधड कशाची होती ते मला तेव्हा थोडेसे कळले.

समाचाराला येणाऱ्या मंडळींनी धडधडीत भरच घातली. प्रत्येकाच्या ओळखीत बायपास झालेला एक जण होता, आणि त्याचे पुढे काय झाले हे सांगायची प्रत्येकाला घाई होती. घोलवडचे चिकू घेऊन यायचे, बोलता बोलता त्यांतले निम्मे स्वतःच संपवायचे, आणि जाताना "जपा हं" म्हणून जायचे. या सगळ्यात शांत काय ते काका. १९६९ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी केली. मुलाच्या टाक्यांकडे ते एखाद्या यंत्राच्या जोडाकडे पाहावे तसे पाहात.

"आमच्या एक आणि दोन नंबरलाही २०२० पासून टेबलावर घेतलंय," ते म्हणत. "जुने नळ काढून नवे घालतायत. चार वर्षं झाली, अजून डिस्चार्ज नाही. तुझं काही तासांत उरकलं. नशीबवान आहेस!"

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आमचे भांडण झाले. निमित्त क्षुल्लक. फेऱ्या मारायला निघताना मी त्याच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. "सोड," तो म्हणाला, "मी बांधीन." तो वाकला, कळ आली, आणि मटकन खुर्चीत बसला. मग एकदम म्हणाला, "रोज उठून येतोस, मला आंघोळ घालतोस, पेज भरवतोस. कसं फेडायचं हे मी? आजवर कुणाचं देणं ठेवलं नाही." मलाही लागले. मी काही सावकार म्हणून येत नव्हतो. उद्यापासून येत नाही, असे म्हणून मी पिशवी उचलली.

"बस खाली," काका म्हणाले. "गाडीला अवकाश आहे." आणि त्यांनी आम्हांला एक गोष्ट सांगितली.

१९६३ साली, केनेडींच्या कारकिर्दीत, भारताचा आणि अमेरिकेचा करार झाला. अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीच्या, कर्ज अमेरिकेचे, आणि समृद्ध युरेनियमचे इंधनही तीस वर्षे अमेरिकेचेच. अट अशी की या भट्ट्यांत दुसऱ्या कोणाचे इंधन घालायचे नाही. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला रीतसर मिळू लागली. पुढे १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाला आणि देणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. १९७८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टर दिल्लीला आले. मोरारजींना परत गेल्यावर थंड आणि रोखठोक पत्र पाठवू, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात बोलले. मायक्रोफोन चालू होता, त्यामुळे ते सगळ्या जगाच्या कानात गेले. मार्चमध्ये कार्टरनी नव्या कायद्यावर सही केली. आपली सगळी अणुकेंद्रे तपासणीला खुली करणार नाही, त्याला इंधन नाही.

"आम्ही इंधन पुरवून पुरवून वापरत होतो," काका म्हणाले, "कडक उन्हाळ्यात विहिरीचं पाणी वापरतात तसं."

१९८० साली ३८ टन इंधनाचा प्रश्न वॉशिंग्टनला निघाला. तिथल्या अणुनियामक आयोगाने पाच विरुद्ध शून्य मतांनी नकार दिला. मग ज्यांनी कायदा केला त्याच कार्टरनी आपला अधिकार वापरून परवानगी दिली. आता ती रद्द व्हायला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचा विरोध लागत होता. सप्टेंबरात खालच्या सभागृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी विरोध केला. उरले सिनेट. २४ सप्टेंबरला तिथे मतदान झाले. इंधन द्यावे म्हणणारे ४८, देऊ नये म्हणणारे ४६.

"दोन मतं!" काका म्हणाले. "ज्या माणसांनी बोईसर हे नाव ऐकलेलं नाही, त्यांतल्या दोघांनी आमच्या घरातला दिवा ठेवला. त्या दिवशी मला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही खरं होतं."

"मग?" मित्राने विचारले.

"मग काय? घेतलं. १९८२ मध्ये इंदिराबाईंनी रेगनशी बोलून फ्रान्सकडून सोय केली. पुढं चीनचं आलं, रशियाचं आलं. तोवर आपल्या माणसांनी स्वतःचं मिश्र इंधन करून याच भट्ट्यांत चालवून पाहिलं. आणि शेजारी तीन आणि चार नंबर उभे केले, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. आराखडा आपला, इंधन साधं युरेनियम. पाचशेचाळीस मेगावॅटचा एकेक. मागून घेतलं म्हणून कुणी लहान होत नाही रे. पण घेतलेल्या दिवसांत काय उभं केलंस, ते मात्र लोक विचारतात. तू सध्या श्वास ओढ. तिन्ही चेंडू वर जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नाडी मीच बांधली. त्याने पाय पुढे केला. बोललो काहीच नाही.

बुधवारी, ६ नोव्हेंबरला, सकाळपासून तिकडची मतमोजणी सुरू झाली. वहिनींच्या शेवटच्या कलमाला काकांनी पोटकलम जोडले : बातम्या लावाव्यात, आवाज बंद ठेवावा, दर अर्ध्या तासाने रक्तदाब मोजावा. मित्राने रक्ततपासणीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर राज्यांची बेरीज मांडली. जिंकायला २७० हवे होते. दुपारी ट्रम्प जिंकले हे स्पष्ट झाले. त्याने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "जकात येणार." त्याचा रक्तदाब दिवसभर जिथल्या तिथे होता. वाढला होता तो माझा.

जकात आलीच. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बहुतेक मालावर ती ५० टक्क्यांवर गेली. तोवर तो कामावर परतला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला : "उशी छातीशी धरून बातमी ऐकली. टाके शाबूत आहेत."

पण मला आठवते ती ३० डिसेंबरची संध्याकाळ. कार्टर वारल्याची बातमी त्या सकाळी आली होती. वय शंभर. काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि म्हणाले, "दार त्यानंच लावलं, खिडकीही त्यानंच उघडली. गेला बिचारा." मग म्हणाले, "आज समुद्रावर जाऊ."

रिक्षाने आम्ही तिघे चिंचणीला गेलो. खाडीपलीकडे तारापूर. तिथला किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्या वेढ्यात बाजी भीवराव रेठरेकर पडले. दक्षिणेला, थोड्या मैलांवर, वीजकेंद्र. सुरूच्या झाडांत वारा होता. मित्र वाळूत हळूहळू, पण एकटा चालत होता.

काका दक्षिणेकडे बोट करून म्हणाले, "मी तुम्हांला घेणाऱ्याची गोष्ट सांगितली. देणाऱ्यांची अर्धीच सांगितली. तीन आणि चार नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. घरं दिली, शेतं दिली, होड्या लावायचा किनारा दिला. सिनेटनं दोन मतं दिली ती सगळ्या जगानं मोजली. ह्यांनी दोन गावं दिली, आणि त्याचा मोबदला मागायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले."

नोकरीत असताना हे बोललो नाही, असेही ते म्हणाले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. गावातले दिवे लागले. रोज संध्याकाळी लागतात तसेच. पण मी ते मोजावेत तसे पाहात राहिलो.

परतताना वाळूचा एक उंचवटा चढायचा होता. मी मुद्दामच दोन पावले मागे राहिलो. एव्हाना त्याच्या स्वभावाचा मला अंदाज आला होता. तो उंचवट्यापाशी थांबला, वर पाहिले, आणि मागे न बघताच हात पुढे केला.

"हात दे रे," तो म्हणाला.