पळसाला पाने तीनच

आकडे म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. आमची पाच वर्षांची नात शंभरापर्यंत घडाघडा म्हणते. पण "पाच चिंचोके आण" म्हटले, की मूठभर आणून ओतते! शाळेने 'गणितात कच्ची' असा शेरा मारला आणि तेव्हापासून आकड्याचे नाव काढले, की पोर आईच्या पदराआड दडू लागली.

मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांना शिकवले. माँटेसरीची महाग साधने तिथे कुठून परवडणार? शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात गेली.

यंदा भाद्रपदात मी नातीला घेऊन टेकडीवर गेलो. शिकवायचे काही नाही, असे स्वतःला बजावूनच. पळसापाशी ती थबकली. एक देठ पाहिला, दुसरा, तिसरा. "आजोबा, सगळीकडे तीनच!" आपण जी म्हण सुस्कारा टाकून वापरतो, तिचा या पोरीला केवढा हर्ष! मग प्रत्येक पानावर एकेक खडा मांडणे सुरू झाले. खडे संपले. "अजून दोन द्या," ती म्हणाली. मूठभर नव्हे, दोन!

एका देठाला मात्र दोनच पाने होती.

"ह्याचं एक कुठं गेलं?" असे म्हणत ती गवतात शोधू लागली.