एक वीट की शंभर भार

चांदी घ्यावी की घेऊ नये हा प्रश्न एकदाचा मिटला की त्याच्या आडून दुसरा, दिसायला क्षुल्लक असा प्रश्न पुढे येतो: ती कोणत्या आकाराची घ्यावी. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न अंमळ अधिक जवळचा आहे, कारण ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाणारे खामगाव याच जिल्ह्यात आहे आणि तेथील चांदीचा लौकिक मुख्यतः तिच्या शुद्धतेवर उभा आहे. सराफ्यात दहा ग्रॅमच्या नाण्यापासून किलोच्या विटेपर्यंत निरनिराळे आकार मिळतात. ग्रामीण व्यवहारात चांदी अजूनही ‘भार’ या मापाने मोजली जाते. एक भार म्हणजे पूर्वी एका रुपयाचे वजन, सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि आता सोयीसाठी धरलेले दहा ग्रॅम, त्यामुळे किलोची वीट शंभर भारांची होते. हे शंभर भार एका तुकड्यात ठेवावेत की अनेक तुकड्यांत, एवढाच काय तो प्रश्न.

हिशेबाने पाहिले तर उत्तर मोठ्या तुकड्याच्या बाजूने जाते. घडणावळ, म्हणजे धातूच्या भावावर आकार देण्यासाठी घेतली जाणारी मजुरी, लहान तुकड्यावर दर ग्रॅममागे अधिक पडते, कारण साचा, शिक्का, वेष्टन आणि तपासणी यांचा खर्च तुकडा लहान झाला म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. विकताना ही घडणावळ सहसा परत मिळत नाही, आणि खरेदीच्या वेळी भरलेला तीन टक्के वस्तू व सेवा करही परत मिळत नाही. हाच हिशेब टोकाला नेला तर लंडनच्या बाजारातील प्रमाणित लगडीपर्यंत पोहोचता येते. ‘लगड’ म्हणजे ओतून थंड केलेला, अद्याप कोणत्याही वस्तूचे रूप न घेतलेला धातूचा ठोकळा. ही लगड सुमारे एक हजार ट्रॉय औंसांची, म्हणजे जवळपास ३१ किलोंची असते, आणि भारतातील चांदीच्या मुख्य वायद्याचा सौदाही ३० किलोंचाच असतो. चांदीची घनता पाण्याच्या साडेदहापट असल्यामुळे एवढा ऐवज तीन लिटरच्या भांड्यात मावेल. मात्र तो घरात ठेवणाऱ्याला निम्मी चांदी विकण्याची वेळ आली तर काय करावे, याचे उत्तर दर ग्रॅमच्या हिशेबात सापडत नाही.

हिशेब इथे थांबतो आणि त्याची जागा म्हण घेते. लहान लहान तुकडे जमवणाऱ्याला घरातील वडीलधारे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे सुनावतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते. ही म्हण मुळात अनेक कामे हाती घेऊन एकही तडीस न नेणाऱ्या माणसासाठी वापरली जाते. मालमत्तेला ती लावणे हा तिचा सैल विस्तार झाला. तरीही थोडा वेळ ती तशीच लावून पाहिली तर तिच्या पोटात एक गृहीत दिसते. धड वस्त्र आणि चिंध्या हे जणू एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेले दोन पर्याय आहेत, असे ती धरून चालते. प्रत्यक्षात चिंध्या कोणी विकत आणत नाही. धड वस्त्र वापरून, धुऊन, विरून झाल्यावर जे उरते ती चिंधी, म्हणजे चिंधी हा धडाचाच पुढचा काळ होय. चांदीचे तसे नाही: दहा ग्रॅमचा तुकडा कोणत्याही विटेचा उरलेला भाग नसतो, आणि शुद्धतेच्या दृष्टीने तो विटेइतकाच पूर्ण असतो. मग ही म्हण चांदीला लागू होत नाही, असे म्हणून तिला सोडून देणे सोपे आहे.

पण म्हण सोडून देण्याआधी ती कापडाला तरी नीट लागू होते का, हे पाहणे आवश्यक ठरते. वऱ्हाडातील घरांत जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने शिवून गोधडी केली जाते. हिवाळ्याच्या रात्री एकटे धड लुगडे जी ऊब देऊ शकत नाही ती गोधडी देते, आणि गोधडीला फाटकी कापडेच लागतात, कारण नवे कापड तिच्यात घालण्याचे धाडस कोणतीही काटकसरी गृहिणी करणार नाही. जखमेला बांधायला, दिव्याची वात करायला, बियाण्याची पुरचुंडी बांधायलाही चिंधीच उपयोगी पडते. लोककथेत तर याहून मोठा दाखला आहे: श्रीकृष्णाच्या बोटाला जखम झाली तेव्हा द्रौपदीने अंगावरच्या भारी वस्त्राची पट्टी फाडून ती बांधली, आणि पुढे वस्त्रहरणाच्या प्रसंगी त्या एका चिंधीची परतफेड न संपणाऱ्या वस्त्राने झाली. या कथेत ते वस्त्र धड होते तोपर्यंत त्याची किंमत त्याच्या जरीइतकीच होती. ते फाडले गेले त्या क्षणी त्याचे मोल वेगळे झाले. अर्थात द्रौपदीजवळ फाडण्यासाठी धड वस्त्र होते, हेही तितकेच खरे, त्यामुळे कथा म्हणीला खोटे पाडते की तिचीच बाजू घेते हे सांगणे कठीण आहे.

कापडाचा विषय या जिल्ह्यात निघाला की तो कापसापर्यंत जातोच. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती, आणि त्या कापसासाठीच जलंब ते खामगाव हा अवघ्या तेरा किलोमीटरांचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला. आकाराच्या बाबतीत कापसाचा स्वभाव चांदीच्या अगदी उलट आहे. सुटा कापूस दूर नेणे परवडत नाही, कारण तो वजनाने थोडा आणि जागेने फार असतो. म्हणून त्यातील सरकी वेगळी करायची, ज्याला जिनिंग म्हणतात, आणि उरलेली रुई यंत्राने दाबून तिच्या गाठी बांधायच्या, ज्याला प्रेसिंग म्हणतात. आज भारतात अशी एक गाठ १७० किलोंची धरली जाते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा भारतीय कापसाचे भाव चढले आणि त्याच्या मोबदल्यात मुंबईच्या बंदरात चांदीची मोठी आवक झाली. ही चांदी लगडींच्या रूपात येई, टांकसाळीत तिचे रुपये होत, आणि ते रुपये दलाल, अडते आणि सावकार यांच्या हातांतून शेवटी गावोगाव पांगत. कापूस गावाबाहेर पडताना मोठा होत गेला आणि चांदी गावात शिरताना लहान होत गेली. त्या तेजीच्या काळात काही शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी सांगोवांगीची एक गोष्ट आहे. ती खरी मानली नाही तरी तिची कल्पना विचारात पाडणारी आहे, कारण चांदीची धाव हा घरात असू शकेल असा सर्वांत मोठा अखंड तुकडा, आणि तोच रस्त्यावर दर फेऱ्याला थोडा थोडा झिजणारा.

ज्या घरांनी धावा बसवल्या नाहीत त्यांनी दागिने केले. पायातील तोडे, वाळे, पैंजण, कमरेचा करदोडा, हातातील कडे, बोटातील जोडवी ही सारी चांदी भारांत मोजलेली होती, आणि तिचा भार अंगावर वाहिला जात होता. १८३५ पासून चालत आलेला रुपया स्वतःच १८० ग्रेन वजनाचा आणि बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदीचा असल्यामुळे रुपया, भार आणि चांदी यांत त्या काळी फारसे अंतर नव्हते. शिवाय कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि ठरावीक खर्च वजा करून रुपये पाडून आणावेत, अशी मोकळीक होती. जोपर्यंत ती होती तोपर्यंत लगड मोठी की लहान याला तत्त्वतः महत्त्व नव्हते, कारण प्रत्येक लगडीत मोजून काढता येण्यासारखे रुपयेच दडलेले होते. जून १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. त्यानंतर रुपयाचे मोल त्यातील चांदीहून वेगळे चालू लागले, १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. आकाराचा आजचा प्रश्न बहुधा त्या बंद झालेल्या दारातून आला आहे: चांदी पैसा राहिली नाही, म्हणून तिचा कोणताही तुकडा पैशात बदलण्यासाठी आता कोणाच्या तरी संमतीची गरज पडते.

ही संमती शिक्क्यावर अवलंबून असते. शुद्ध चांदी मऊ असते. किलोची वीट छिन्नीने तोडता येते आणि हवा तेवढा भाग विकता येतो, म्हणजे धातू म्हणून ती मोडता येत नाही असे मुळीच नाही. मात्र विटेवर ९९९ असा शुद्धतेचा आकडा, वजन आणि घडवणाऱ्याची खूण एकदाच उमटवलेली असते, आणि वीट तोडली की ही खूण एका तुकड्याकडे जाते, दुसरा तुकडा अनाथ होतो. मग त्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, पुन्हा काढावा लागतो, त्यासाठी थोडी घट सोसावी लागते, आणि घेणाऱ्याचा चेहरा वाचावा लागतो. त्या अर्थाने धड राहायचे असते ते शिक्क्याला. खामगावसारख्या ठिकाणी शिक्क्याचे काम काही अंशी दुकानाची ओळख करते; जिथून घेतली तिथेच परत नेली तर प्रश्न कमी विचारले जातात. पण दीर्घ मुदत म्हटल्यावर दुकानाचे आयुष्य आणि विटेचे आयुष्य सारखे धरता येत नाही.

यात अलीकडच्या एका नियमाने भर घातली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली जाहीर केलेल्या निर्देशांनुसार बँका आणि वित्तसंस्थांना चांदीच्या तारणावर कर्ज देता येते, परंतु ते दागिन्यांवर, एका कर्जदाराला दहा किलोंपर्यंत, आणि नाण्यांवर, पाचशे ग्रॅमपर्यंत. विटेवर किंवा लगडीवर नाही. म्हणजे पावसाने ओढ दिलेल्या वर्षी दुबार पेरणीसाठी पैसे उभे करायचे असतील तर घरातील जुने, डाक लावलेले, कमी टंचाचे तोडे औपचारिक कर्जाच्या उपयोगी पडतील, आणि त्यांच्या शेजारी ठेवलेली ९९९ शुद्धतेची वीट पडणार नाही. तिला विकावेच लागेल, आणि विकायची तर बहुधा सगळीच. गुंतवणुकीच्या पुस्तकांत घडणावळ हा निव्वळ तोटा धरला जातो. शेतकरी घराच्या हिशेबात ती अडीअडचणीच्या दाराची किल्ली ठरू शकते, असे निदान एका बाजूने म्हणता येते.

दुसरी बाजूही तेवढीच बळकट आहे. जी वस्तू मोडायला अवघड तीच टिकते, असा अनेक घरांचा अनुभव असतो. दहा ग्रॅमची नाणी लग्नातील आहेरात, बारशात, औषधपाण्यात, एखाद्या हप्त्यात एकेक करून जातात आणि त्यांची संख्या कमी झाली हे कोणाच्या ध्यानात येत नाही, तर किलोची वीट विकायची म्हटले की घरात चार माणसांची बैठक बसते. चांदीला अशा हट्टाची गरज इतर धातूंपेक्षा अधिक असावी. जानेवारी १९८० मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात गेला होता आणि मार्च संपायच्या आत तो ११ डॉलरच्या खाली आला. २०११ साली तो पुन्हा त्या उंचीजवळ जाऊन परतला आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ओलांडली गेली. १९८०च्या शिखरावर घेणाऱ्याला डॉलरमधला नुसता आकडा परत दिसण्यासाठी पंचेचाळीस वर्षे थांबावे लागले असते. पुढे वर्ष संपता संपता भारतात किलोचा भाव दोन लाख रुपयांच्या पलीकडे गेला, आणि किलोची वीट ही मध्यम घराला सहज घेता येण्याजोगी वस्तूच राहिली नाही. मागच्या पिढीने ‘मोठी घ्यावी की लहान’ असा विचार ज्या विटेबद्दल केला, तिच्याच पैशात आता तिचा लहानसा भाग येतो. म्हणजे आकाराची निवड पुष्कळदा भावच करून टाकतो आणि माणूस नंतर तिला कारणे जोडतो.

तरीही भाव आणि ऐपत बाजूला ठेवली तर एक गोष्ट उरते. तुकड्याचा आकार निवडणे म्हणजे पुढे येणाऱ्या गरजेचा आकार आधीच सांगण्याचा प्रयत्न करणे होय, आणि गरज कोणाची हेही त्यात ठरलेले नसते. पंचेचाळीस वर्षे म्हणजे घेणारा आणि मोडणारा एकच असण्याची शाश्वती नाही. घरात तीन अपत्ये असतील, आणि वाटणीत मुलींचाही वाटा आला, तर किलोच्या विटेचे तीन भाग ३३३ ग्रॅमांचे होतात. त्या मापाची वीट कोणी ओतत नाही. शंभर ग्रॅमचे दहा तुकडे घेतले तर तीन तीन वाटून एक उरतो, आणि उरलेल्या एकावरून होणारे वाद अख्ख्या विटेवरून होणाऱ्या वादांपेक्षा लहानच असतील असे सांगता येत नाही. वीट अखंड राहिली तर ती विकून रोख वाटून घेण्याला वाव राहतो, पण मग इतकी वर्षे चांदी सांभाळण्याचे कारण काय होते हा प्रश्न नव्याने उभा राहतो. अर्धी चांदी विटेत आणि अर्धी तुकड्यांत ठेवावी, असा व्यवहारी तोडगा सुचवला जातो आणि तो वाईटही नाही. फक्त त्या अर्ध्याचे माप कशावरून काढले, असे विचारले तर म्हणही गप्प बसते आणि हिशेबही.