परातीतले बंदर

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शिवडीच्या चाळीत किल्ला होई. जिन्याखालच्या चार हात जागेत विटा, दगड, फाटकी पोती आणि चिखल यांचा ढीग रचायचा, त्यावर हळीव पेरायचे, शेंड्यावर शिवाजी महाराज आणि उतरणीवर पायमोडके मावळे बसवायचे, की झाला किल्ला. प्रत्येक घरातून काही ना काही येई. कोणी विटा देई, कोणी गेरू. आमच्या घरातून परात येई. आई ती सुखासुखी देत नसे. फराळाचे दिवस, चकलीचे पीठ भिजवायला तिला परात हवी असे. पण बाबा सकाळची पाळी संपवून घरी आले, की परात काढून घेत, किल्ल्याच्या पायथ्याशी मातीत बसवीत, पाण्याने भरीत आणि तीत कागदाची दोन गलबते सोडीत.

"हे आपलं बंदर," ते म्हणत.

मोठी मुले हसत. एकदा एकाने विचारलेही, "काका, लढाई डोंगरावर होते. पाणी कशाला?"

"लढणारे जेवतात की नाही?" बाबा म्हणाले. "दारूचा गंधक कुठून येतो? घोडे कुठून येतात? सगळं पाण्यावरून. आणि नुसतं पाणी म्हणजे बंदर नव्हे रे. मागे मुलूख पाहिजे." असे म्हणून त्यांनी परातीच्या काठापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत ओल्या मातीत बोटाने एक वाट कोरली. दरवर्षी ती वाट कोरल्याखेरीज ते तिथून उठत नसत.

माझे बाबा गोदी कामगार होते. वयाच्या अठराव्या वर्षी, १९६८ साली ते गोदीत लागले. जहाजाच्या पोटातून वर आलेल्या गोणी, गासड्या, पेट्या धक्क्यावर घ्यायच्या आणि गुदामात लावायच्या, हे त्यांचे काम. हातात लोखंडी आकडा, खांद्यावर पंचा. क्रेनला ते शेवटपर्यंत यारी म्हणत. आजही घरात कोणती जड वस्तू हलवायची झाली, तर ते प्रथम तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि तिचा तोल कुठे आहे ते पाहतात. मग हात लावतात.

आमचे गाव दाभोळच्या खाडीकाठी. लहानपणी गावी गेलो, की बाबा मला होडीतून पलीकडे दाभोळला नेत आणि जुनी मशीद दाखवीत. कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि त्या साऱ्यांत घुमटाची ती भारदस्त इमारत. "एवढ्याशा गावात एवढी मोठी मशीद कशी हो?" मी विचारले होते. ते म्हणाले, "तेव्हा हे एवढंसं नव्हतं." पुढे वाचनात आले, की बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचे एक मोठे दार होते. हजला जाणारे इथून निघत, अरबी घोडे इथे उतरत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. बंदर त्यानंतरही सावरले. परंतु व्यापाराने हळूहळू दुसरी दारे शोधली, आणि दाभोळला मासळी तेवढी राहिली.

मी शाळामास्तर झालो आणि भूगोल माझ्या वाट्याला आला. 'मुंबई हे उत्तम नैसर्गिक बंदर आहे' हे वाक्य मी किती वर्षे मुलांना सांगितले असेल, याची गणती नाही. ते खरेच आहे. पण बाबांच्या परातीजवळ वाढलेल्या मुलाला ते अपुरे वाटल्यावाचून राहत नाही. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधले हे खोल, वाऱ्यापासून आडोशाचे पाणी हजारो वर्षे तिथेच होते. तरीही व्यापार सोपाऱ्याला गेला, कल्याणला गेला, चौलला गेला, दाभोळला गेला आणि मोगलाईत सुरतेला गेला. १६६१ च्या विवाहाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या राजाला दिली, आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली. आज आमच्या चाळीतली एक खोली त्या भाड्यात मिळणार नाही! पाणी तेच होते. मागे मुलूख नव्हता. मागे सह्याद्री उभा होता.

कंपनीने आपले ठाणे १६८७ साली सुरतेहून मुंबईस हलवले. पुढे वाडिया कुटुंबातले पारशी कारागीर सुरतेहून आले आणि मलबारच्या सागवानाची जहाजे इथे बांधू लागले. त्यांनी १८१७ साली बांधलेले ट्रिंकोमाली नावाचे जहाज इंग्लंडात अजून तरंगत आहे. पण मुंबईचे भाग्य उघडले ते पाण्यात नव्हे, डोंगरात. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, हे सर्वांना ठाऊक असते. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट घडली ती १८६३ साली, जेव्हा रेल्वे बोरघाट चढून वर गेली. आणि १८६५ साली थळघाट चढून. बाबा बोटाने ओल्या मातीत जी वाट कोरीत, तीच ही वाट. फरक एवढाच, की ही कोरताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघाताने मेले.

वाट झाली आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस धक्क्यावर येऊन पडू लागला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद पडल्याने मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. शहरात पैशांचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला आणि भलेभले सावकार बुडाले. पण पुराने आणलेला गाळ मागे राहतोच, तशा गिरण्या, पेढ्या आणि भरावाच्या जमिनी मागे राहिल्या. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. आफ्रिकेचा वळसा वाचला आणि युरोपातून येणाऱ्या जहाजाला मुंबई हे हिंदुस्थानचे पुढचे दार झाले. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मग १८८० साली प्रिन्सेस, १८८८ साली व्हिक्टोरिया आणि १९१४ साली अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा, अशा तीन मोठ्या गोद्या उभ्या राहिल्या.

एडन, बसरा, मस्कत, झांजिबार ही नावे मुंबईच्या बाजाराला शेजारच्या गल्ल्यांसारखी झाली. आखातात आपला रुपया चाले. कुवेत, बहरीन, दुबई इथली देवघेव त्यातच होई. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटासुद्धा काढल्या होत्या. १९६६ पर्यंत त्यांपैकी बहुतेक ठिकाणांनी आपापली नाणी पाडली आणि तो काळ संपला. बाबांच्या पहिल्या वर्षांत धक्क्यावर जुने मुकादम अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. बाबा मुंबईबाहेर फारसे गेले नाहीत. पण कोणत्या गावचा खजूर कोणत्या बांध्याच्या पेटीतून येतो, हे त्यांना पाठ होते.

आता जे सांगायचे आहे, ते सांगताना माझा मलाच संकोच वाटतो.

१९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकवाल्याने ५८ लोखंडी डबे एका जहाजावर चढवून पाठवले. माल सुटा चढवायचा नाही, डब्यात भरायचा आणि डबाच उचलायचा, एवढीच त्याची युक्ती. ती जगभर पसरायला काही वर्षे लागली. खाडीपलीकडे न्हावाशेव्याला नवे बंदर चालू झाले ते २६ मे १९८९ रोजी. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षीही बाबांनी परात मांडली; मात्र बोलले काही नाहीत. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या पाळ्या विरळ होत गेल्या. टोळीतली माणसे एकेक करून गावी परतली. शेवटी बाबांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. पन्नाशीचा धडधाकट माणूस सकाळी उठून दाढी करी आणि खिडकीत बसे.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. २००३ सालची गोष्ट. सहामाहीच्या आधी मी वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. चहा घेऊन आत आलो, तर बाबा एक वही उघडून बसले होते. मग दुसरी, मग तिसरी. 'आधुनिक बंदराचे फायदे लिहा' असा प्रश्न होता.

"चाळीस पोरांनी एकच वाक्य लिहिलंय," ते म्हणाले. "'मजूर कमी लागतात, त्यामुळे खर्च वाचतो.' तू सांगितलंस?"

"हो. मीच फळ्यावर लिहून दिलं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," म्हणाले. "खोटं काही नाही." आणि गासड्यांची थप्पी लावावी तशी त्यांनी वह्यांची थप्पी कडेला कड लावून नीट रचून ठेवली.

ते रागावले असते तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी शाळेची सहल घारापुरीला गेली. मी बाबांना बरोबर येण्याचा आग्रह केला. मुले लेण्यांत रमली तेव्हा आम्ही दोघे तोफा असलेल्या टेकडीवर चढलो. तिथून पलीकडचा न्हावाशेव्याचा धक्का स्पष्ट दिसतो. रांगेने उभ्या असलेल्या उंच याऱ्या, खाली रंगीबेरंगी डब्यांच्या भिंती. बाबा कठड्याशी उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघू लागले. एक डबा उचलला, वळला, जहाजावर बसला. पुन्हा एक. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

"एका डब्यात किती माल?" त्यांनी विचारले.

"लहान डब्यात साधारण वीस टन."

"म्हणजे शंभर किलोच्या दोनशे गोणी." ते हसले. "दोनशे पाठी. आणि वर बसलाय तो एकटा पोरगा, पाठीला घाम नाही. चांगलं आहे रे. आमच्यातल्या किती जणांची कंबर गेली, ते तू पाहिलं नाहीस." मग जरा थांबून म्हणाले, "वाईट त्याचं वाटत नाही. ज्यानं दोनशे पाठी वाचवल्या, त्यानं त्या पाठी आता कुठे टेकवायच्या, हेही सांगायला हवं होतं."

उतरताना ते खाडीपलीकडच्या माणसांविषयी बोलू लागले. नवी मुंबई आणि हे बंदर यांसाठी तिकडच्या शेतकऱ्यांची भातशेती गेली, मिठागरे गेली. शेव्याच्या कोळ्यांना उठून हनुमान कोळीवाड्यात जावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण भागात आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे गेली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देण्याचे धोरण ठरले ते त्यानंतर. "इकडचे आम्ही आणि तिकडचे ते," बाबा म्हणाले, "एकाच परातीच्या दोन काठांवरचे. आम्ही आपले उगीच एकमेकांकडे रागानं बघत होतो."

त्यानंतर मी तो धडा शिकवणे सोडले नाही. वाक्यही खोडले नाही, कारण ते खरेच आहे. फक्त त्याखाली मुलांना एक प्रश्न लिहून देतो: 'ते मजूर पुढे कुठे गेले? घरी विचारून या.' उत्तरे वहीत मावत नाहीत. कोणाचे आजोबा वॉचमन झालेले असतात, कोणाच्या आजीने त्या वर्षांत पोळ्या लाटून घर चालवलेले असते.

आज देशातल्या प्रमुख बंदरांवरून जाणाऱ्या डब्यांपैकी निम्म्याच्या आसपास न्हावाशेव्यावरून जातात. मुंबई बंदरही चालू आहे. पण बाबा ज्या गोद्यांत राबले, त्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया भरून टाकल्या आहेत. जिथे जहाजे तरंगत, तिथे जमीन झाली आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी आमच्या शिवडीहून थेट खाडीपलीकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा पूल खुला झाला. त्या वर्षी मी बाबांना त्यावरून नेले. अर्ध्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, "वाट कोरली म्हणायची." आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात वाढवण इथे नव्या बंदराची पायाभरणी झाली. तिथे पाण्याची नैसर्गिक खोली सुमारे २० मीटर आहे. जगातली मोठ्यात मोठी जहाजे तिथे लागतील. ज्या सोपाऱ्यापासून या किनाऱ्याची गोष्ट सुरू झाली, ते गाव त्याच जिल्ह्यात आहे. बंदर फिरून आपल्या माहेरी निघाले आहे म्हणा ना! तिथले मच्छीमार मात्र वर्षानुवर्षे त्याला विरोध करीत आले आहेत. त्यांची चाळीस वह्यांतली ओळ अजून कोणी लिहून दिलेली नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने जिन्याखाली किल्ला केला. परात मागायला ती आईकडे गेली, तिथे नेहमीचा नकार मिळाला, आणि नेहमीप्रमाणे बाबांनी मध्यस्थी केली. गुडघे दुखतात म्हणून ते पाटावर बसून सूचना देत होते. मुलीने परातीत एक भले मोठे पुठ्ठ्याचे जहाज सोडले आणि त्यावर आगपेट्यांचे डबे रचले. जहाज फिरेना, तेव्हा तिने काठची कागदी होडकी उचलून बाहेर मातीत ठेवली.

बाबा पाटावरून उठले. वाकून त्यांनी ती होडकी एकेक करून उचलली, त्यांची ओली बुडे धोतराला पुसली आणि परातीच्या काठाशी पुन्हा पाण्यात सोडली.

"आजोबा, मग मोठं जहाज कसं वळणार?" मुलीने विचारले.

"वळेल," बाबा म्हणाले. "आपण दोघं बसून वळवू." आणि त्यांनी तिच्याकडून परात थोडी मोठी आहे का, ते शेजारच्यांना विचारून यायला सांगितले.