उजवा खालचा कोपरा

चित्र समोर आलं की माझी नजर आधी उजव्या खालच्या कोपऱ्यात जाते. कोणी चेहरा बघतं, कोणी रंग, कोणी किंमत. मी सही शोधते. प्रदर्शनात हे जरा असभ्यच दिसतं. चित्रकार शेजारी उभा असतो आणि ही बाई वाकून त्याच्या चित्राच्या पायथ्याशी काहीतरी वाचत असते. पण याच खोडीमुळे मला चित्रकार सापडत गेले, म्हणून ती मोडायचा प्रयत्न मी कधी केला नाही.

खोड लागली यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या वाचनालयात. दिवाळी अंक आमच्या हाती पडायचे ते कापसाची वेचणी जोरात असताना, दहा घरं फिरून, पानांचे कान दुमडून. नवे अंक मोठ्यांचे. आम्हा पोरांच्या वाट्याला कपाटातले जुने, पुठ्ठ्यात बांधलेले गठ्ठे यायचे. त्या गठ्ठ्यांवर दोन गोमंतकीयांचं राज्य होतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलाल 1971 साली गेले, मुळगावकर 1976 साली. म्हणजे मला अक्षरओळख होऊन मासिकं कळायला लागली तेव्हा दोघंही नव्हते, हे मला फार उशिरा समजलं. तोवर मी त्यांना मुंबईत कुठेतरी बसून आमच्यासाठी चित्रं काढणारे काका समजत होते.

माझा मोठा भाऊ सहीवर अंगठा ठेवून विचारायचा, "सांग, कोणाचं?" मुळगावकर लगेच ओळखू यायचे. कातडी तुकतुकीत, कुंचल्याचा एक फराटा दिसेल तर शपथ, दागिन्यांच्या टोकांवर चमक, आणि सगळ्या सुंदरी एकाच घरच्या सख्ख्या बहिणी असाव्यात अशा. ही स्प्रेची करामत होती, हे पुढे वाचनात आलं. दलालांपाशी मात्र मी हरायची. एका कथेला जाड काळ्या रेषेतली शेतकरीण, दुसरीला नुसते ओले, पसरलेले रंग, मुखपृष्ठावर तिसरीच तऱ्हा. 1945 साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढणाऱ्या माणसाला सगळ्या तऱ्हा करून बघायची मोकळीक होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. भाऊ म्हणायचा, दलालांचं काही ठरलेलं नाही. आज मला वाटतं, त्यांच्याकडून मी हेच शिकले: दर पानावर वेश बदलणाऱ्या माणसाचाही हात ओळखता येतो, फक्त जास्त वेळ बघत बसावं लागतं.

वसंत सरवटे मला सुरुवातीला आवडले नाहीत. त्यांच्या चित्रांत सुंदर असं काही नव्हतंच! त्यांनी काढलेला ठणठणपाळ तर हातोडा घेऊन उभा असलेला एक विचित्र गृहस्थ. पु. लं.ची पुस्तकं वाचायला लागले तेव्हा त्या रेषेचं हसू कळलं. पुढे कुठेतरी वाचलं की सरवटे मुळात स्थापत्य अभियंता, नोकरी एसीसी सिमेंट कंपनीत. त्याच कंपनीचा कारखाना आमच्याजवळ घुग्घुसला. सिमेंटच्या हिशेबातून वेळ काढून एक माणूस अख्ख्या मराठी साहित्याची टिंगल रेखाटतो, या गोष्टीचा मला उगाचच स्थानिक अभिमान वाटला.

सहीचे खरे गुरू मात्र बाजारपेठेतले बोर्ड पेंटर. त्यांना सगळे पेंटरकाकाच म्हणत, मीही तेच म्हणते. दुकानांच्या पाट्या, कापसाच्या बियाण्यांच्या भिंती, कीटकनाशकाच्या जाहिरातीतला टोपीवाला हसरा शेतकरी, लग्नघरच्या दारावरचा गणपती, पोळ्याच्या आदल्या दिवशी ओळखीच्यांच्या बैलांची शिंगं, सगळं तेच रंगवत. खडू लावलेला दोरा भिंतीवर ताणायचा, चिमटीत धरून सोडायचा, की सरळ रेघ उमटलीच. त्या दोन रेघांच्या मध्ये अक्षरं अशी भरत की एक उणं नाही, एक दुणं नाही. शाळा सुटली की मी तिथे उभी. त्यांच्या कामावर सही असायची, पण अशा जागी की बघत राहावं: बैलाच्या झुलीच्या नक्षीत, पऱ्हाटीच्या एखाद्या पानाच्या शिरेत. एकदा मी विचारलंच. ते ब्रश न थांबवता म्हणाले, "सही असी करा लागते बाई, का पाह्यणाऱ्याले सापडली पाहिजे अन् दुकानदाराले नाही. थो म्हणते, भिंत माही, पैसे माहे, तुह्यं नाव कायले?"

त्या दुकानदाराचा प्रश्न अजून संपलेला नाही. फक्त विचारणारे बदलले.

फ्लेक्स आला आणि पेंटरकाकांचं दुकान बसलं. पाटी रंगवायला दोन दिवस. फ्लेक्स संध्याकाळी सांगितला की सकाळी चौकात. त्यावर वाढदिवसाच्या मानकऱ्याचा चेहरा, नेत्यांचे चेहरे, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या दोन रांगा. एवढ्या सगळ्यांची नावं असतात, केलं कोणी हे कुठेच नसतं.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा मीही दिल्या. वस्तुचित्रात तांब्या, स्मरणचित्रात आठवडी बाजार, संकल्पचित्रात सममिती. श्रेणी बरी आली. माझा हात चित्रकाराचा नाही हेही त्यातच कळलं आणि विशेष वाईट वाटलं नाही.

नागपूरला कॉलेजला गेले तेव्हा प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ नुकतंच, 1990 साली आलं होतं. अर्धं कळलं, अर्धं नाही, पण चित्राबद्दल मराठीत इतकं शांत लिहिता येतं हे कळलं. अमूर्त चित्रांशी मात्र माझं काही केल्या जमेना. पुढे सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या अंकाचा गायतोंडे विशेषांक हाती लागला. वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्याच शहरात आम्ही चार-पाच वर्षं काढली, आणि एकाही शिक्षकाने ही दोन नावं उच्चारली नव्हती. गायतोंडेंच्या चित्रांपाशी माझी खोडही हात टेकायची. कोपरा मोकळा! त्यांच्या कितीतरी कॅनव्हासांवर सही आहे ती मागच्या बाजूला, देवनागरीत. भिंतीकडे तोंड करून. मग नाइलाजाने चित्रच बघावं लागतं, आणि त्या पिवळ्या-राखाडी थरांपुढे पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर आपण काय शोधत होतो तेच विसरायला होतं.

सहीबद्दलची माझी समजूत खरी बदलली ती गोंड चित्रांनी. गोंड चित्रशैली म्हणून जग जिला ओळखतं, ती मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधानांची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या, भोपाळच्या भारत भवनच्या चमूला तिथे एका घराच्या भिंतीवर जनगढसिंह श्याम हा तरुण सापडला. 1989 साली त्याचं काम पॅरिसच्या प्रदर्शनात होतं. परधान आमच्या जिल्ह्यातही आहेत, केळापूर-पांढरकवडा भागात तर भरपूर. किंगरी वाजवून गोंडांच्या वंशावळी गाणारी ही जमात. जनगढच्या हातात वाद्याच्या जागी ब्रश आला आणि गाण्यातले देव कागदावर उतरले. आमच्याकडच्या परधानांच्या दारी कोणी स्वामीनाथन आले नाहीत. आले असते तर काय झालं असतं, हा विचार पांढरकवड्याची बस धरली की हमखास मनात येतो.

या चित्रकारांची गंमत अशी की प्रत्येकाचं भरण वेगळं. हरणाची बाह्यरेषा सारखी वाटेल, पण आतला भाग कोणी ठिपक्यांनी भरतो, कोणी अर्धचंद्रांनी, कोणी माशाच्या खवल्यांनी, कोणी बियांसारख्या टिंबांनी. ते भरण म्हणजेच त्याची सही. दुसऱ्याने ते उचलू नये असा संकेत. भज्जू श्याम यांच्या ‘द लंडन जंगल बुक’मध्ये (2004) लंडनची बस इमानी कुत्रा होते आणि बिग बेनचा कोंबडा होतो. विषय परका, शहर परकं, पण अंगठा कुठेही ठेवा, हात कोणाचा ते लपत नाही. माझ्या भावाचा खेळ इथे बादच झाला.

आणि मग प्रभाकर पाचपुते.

वणीहून दक्षिणेला जाऊन पैनगंगा ओलांडली की कोरपना, पुढे राजुरा. त्या तालुक्यातलं सास्ती हे कोळसाखाणीचं गाव पाचपुतेंचं. जन्म 1986. घरात पिढ्यान्‌पिढ्या खाणीतलं काम. खैरागढला शिल्पकला, मग बडोद्याला पुढचं शिक्षण. हा माणूस कोळशाने चित्रं काढतो, तीही बहुधा थेट भिंतीवर. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी. 2012 साली मुंबईत क्लार्क हाउसमध्ये त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ झालं, त्याची छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. डोक्याच्या जागी दिवा किंवा अवजार असलेली माणसं. पोखरलेली, उलटी झालेली जमीन. अर्धा माणूस, अर्धं यंत्र. बाहेरच्या समीक्षकांना हे अतिवास्तव वाटतं. वणीच्या माणसाला नाही वाटत. वणीजवळच्या राजूरला एकीकडे कोळशाची खाण आणि दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. पाळी सुटली की तिथून काळी माणसं निघत आणि इथून पांढरी. उकणीकडे उघड्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत, लहान मुलांना ते खरेच डोंगर वाटतात. आमच्याकडे धुळीचं गाऱ्हाणं सगळे करतात. त्या धुळीनेच कोणी चित्र काढेल हे कोणाला सुचलं नव्हतं.

पाचपुतेंचं काम पुढे साओ पावलोला गेलं, इस्तंबूलला गेलं, 2022 साली व्हेनिसच्या बिएनालेत लागलं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेल्समधलं. कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ या पुरस्कारासाठी त्यांनी तिथल्या खाणकामगारांच्या संघटनांचे झेंडे, त्यांच्या लढ्यांच्या खुणा आणि आपल्याकडचे मोर्चे एकत्र आणले. 2021 साली तो पुरस्कार सहाही कलावंतांना विभागून मिळाला. वेल्सच्या बंद पडलेल्या खाणी आणि आपल्या चालू खाणी यांची सोयरीक राजुऱ्याच्या माणसाने जुळवावी, यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडच्या माणसांच्या छातीत तीच धूळ आहे.

त्यांच्यामुळे मी पुढची नावं शोधू लागले. आता वाचनालयाची जागा फोनने घेतली आहे. आंबेडकरी चळवळीचे मोर्चे आणि माणसं निळाईत रंगवणारे मुंबईचे विक्रांत भिसे. पोवाडे करणाऱ्या आजोबांचा आणि नाटकं लिहिणाऱ्या वडिलांचा वारसा चाळीच्या खोलीतून चित्र-शिल्पांत आणणारे अमोल पाटील. डहाणूजवळच्या गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ. जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर काढलेली वारली रेषा त्यांनी आणखी पुढे नेली. मुलांच्या पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांनी आधीच वाट मोठी करून ठेवलेली: लिहिणारी आणि काढणारी एकच बाई, त्यामुळे ‘राधाचं घर’मध्ये शब्द कुठे संपतो आणि चित्र कुठे सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. मुखपृष्ठांवर चंद्रमोहन कुलकर्णी, अन्वर हुसेन. कोणाची तऱ्हा कोणासारखी नाही, आणि तरी मला जुनाच आनंद मिळतो, अंगठा ठेवून ओळखण्याचा.

एक गोष्ट मात्र खुपते. फोनवर चित्र फिरत फिरत माझ्यापर्यंत येतं तेव्हा खालची पट्टी बहुतेक वेळा कापलेली असते. कोणीतरी वर गुलाबाचं फूल आणि ‘सुप्रभात’ चिकटवलेलं असतं. शाळेच्या गटात एकाने असं चित्र पाठवलं, मी विचारलं कोणाचं, तर उत्तर आलं, "गूगलचं." आता तर आज्ञा दिली की यंत्रच चित्र काढून देतं. ती चित्रं मी मन लावून पाहिली. सफाई भरपूर, मुळगावकरांनाही लाजवेल इतकी. पण त्यात कुठेही दोन रेघांमधली जागा डोळ्यांनी मोजणारा माणूस सापडत नाही. एका नामांकित म्हणवणाऱ्या अंकाने अलीकडे मुखपृष्ठही असंच करून घेतलं. मी तो अंक वर्षानुवर्षं घेत आले होते. आता घेत नाही.

मी शाळेत शिकवते, त्या वर्गात एक मुलगी आहे, कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून येते. वहीच्या शेवटच्या पानांवर सतत चित्रं: टिपेश्वरकडचे वाघ, घरच्या शेळ्या, आणि त्यांच्या पोटात भरगच्च आडव्या रेघा. ही तऱ्हा तिला कोणी शिकवलेली नाही. शाळेला चित्रकलेचे शिक्षक नाहीत, म्हणून तो तास मीच घेते आणि बरेचदा तीच मला शिकवते. एवढंच तिला बजावून सांगितलंय की प्रत्येक चित्राखाली नाव आणि तारीख घाल, शेळी कितीही वाकडी आली तरी.

तुमच्याकडे एक मागणं आहे. या दिवाळीत अंक विकत घेतलात तर अनुक्रमणिकेच्या आधीचं ते बारीक अक्षरांचं पान वाचा. मुखपृष्ठ कोणाचं, आतली रेखाटनं कोणाची, ते तिथे छापलेलं असतं. नाव असेल तर त्या चित्रकाराचं आणखी काम शोधा. नसेल तर संपादकांना फोन करून विचारा. नंबर त्याच पानावर असतो.